६१ दिवसांची बंदी: कोकणात राहून संवाद-सल्लागाराचं काम आणि स्वतःचं लेखन कसं सांभाळावं

लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत मी एका कारखान्याची पाळी बदलतानाची नोंदवही चाळत होते. रात्रपाळीच्या माणसाने लिहिलं होतं, ‘व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवला आहे.’ थोडा म्हणजे किती? पाव फेरा, अर्धा फेरा, की हाताला सैल लागेल इतका? सकाळच्या पाळीतल्या तिघांना विचारलं, तर तिघांनी तीन उत्तरं दिली. तो सगळा दिवस आम्ही त्या एका शब्दावर काम केलं. हे काम किरकोळ नाही. ६ जुलै १९८८ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर १६७ माणसं गेली. दुरुस्तीसाठी एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह काढून ठेवला होता, ते रात्रीच्या पाळीपर्यंत पोचलंच नाही, आणि त्यांनी तो पंप चालू केला.

संध्याकाळी चिपळूणला घरी आले, चहा घेतला, कथेची वही उघडली. आदल्या आठवड्यात लिहिलेलं वाक्य समोर होतं: ‘ती थोडी हसली.’ माझा हात आपसूक ‘थोडी’ खोडायला गेला.

तिथे मी थांबले. तोवर मला वाटायचं की माझी अडचण वेळेची आहे. काम जास्त, दिवस लहान, म्हणून लिहिणं होत नाही. पण त्या संध्याकाळी तीन तास मोकळे होते. अडचण कानाची होती. दिवसभर मी शब्दांतली संदिग्धता शोधून काढत होते आणि संध्याकाळी मला तीच हवी होती. शिंप्याने संध्याकाळी सतार वाजवली तर त्याचे हात वेगळं काम करतात. आमच्या धंद्यात मात्र दोन्हीकडे हत्यार एकच: शब्द. म्हणून ‘पहाटे पाचला उठा’ हा सल्ला इथे फार पुरत नाही. पुढचं सगळं मी कानाला धरून लिहिते आहे. तुम्ही कंपन्यांना बोलायला, लिहायला, ऐकायला शिकवत असाल आणि स्वतः कथा, कविता, नाटक किंवा ललित लिहीत असाल, तर हे तुमच्यासाठी आहे. चित्र किंवा गाणं करणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

आधी तीन आठवडे नुसती नोंद

काहीही बदलण्याआधी एक शंभर पानी वही घ्या. रोज रात्री तीनच गोष्टी लिहा: आज कोणत्या प्रकारचं काम केलं, किती तास केलं, आणि त्यानंतर (किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी) स्वतःचं लिहायला बसता आलं का. ‘बसता आलं का’ याचं उत्तर खरं द्या. वही उघडून फोन पाहत बसणं म्हणजे बसणं नव्हे.

आपलं काम बाहेरून एकच दिसतं, पण त्याचे निदान चार प्रकार असतात. एक, कार्यशाळा घेणं. दोन, मजकूर सुधारणं: सूचनाफलक, ईमेलचे नमुने, धोरणांची पत्रकं, अहवाल. तीन, माणसांना एकेकटं भेटून ऐकणं, म्हणजे कुठे अडतं ते शोधण्यासाठीच्या मुलाखती. चार, दोन विभागांमधली किंवा दोन माणसांमधली मध्यस्थी. हे चारही वेगवेगळे नोंदवा, एकत्र केलंत तर काहीच कळणार नाही.

माझ्या नोंदीत जे निघालं त्याचा मला अंदाज नव्हता. कार्यशाळेने घसा बसतो, पाय दुखतात, पण भाषा शाबूत राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिता येतं. मुलाखतींनंतर तर जास्तच येतं, कारण डोकं माणसांच्या आवाजांनी भरलेलं असतं. मध्यस्थीनंतर दोन दिवस काही सुचत नाही. पण सगळ्यात मोठी खोट मजकूर सुधारण्यात होती. चार तास मनुष्यबळ विभागाचं रजेचं धोरण सोपं करत बसलं की त्या आठवड्यात कथेचं वाक्य हलत नाही. आणि हेच काम मी वर्षानुवर्षं ‘घरबसल्या होतं, सोपं आहे’ म्हणून आनंदाने घेत होते, शिवाय कमी पैशांत.

नोंद झाल्यावर लगेच दोन निर्णय घेतले. मजकूर सुधारण्याचा दर कार्यशाळेच्या बरोबरीला आणला, आणि ते काम महिन्यातून एकाच आठवड्यात घ्यायचं ठरवलं. तुमच्या नोंदीत कदाचित उलटं निघेल. काहींना माणसांसमोर उभं राहणंच रिकामं करून टाकतं आणि मजकुराचं काम विसाव्यासारखं वाटतं. म्हणून नोंद स्वतःची हवी, माझी उसनी घेऊन चालणार नाही.

दिवस कापू नका, वर्ष कापा

आपल्याकडे समुद्रावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. ६१ दिवस. मासळीचा हा विणीचा काळ असतो, आणि समुद्रही खवळलेला असतो. हर्णैला किंवा दाभोळला त्या दिवसांत गेलात तर होड्या वर ओढलेल्या, शाकारलेल्या दिसतात. माणसं सावलीत बसून जाळी दुरुस्त करत असतात. कुणी त्यांना ‘रोज एक तास तरी समुद्रात जा’ असं सांगत नाही. दर्यावर जायचा काळ वेगळा, जाळं शिवायचा वेगळा, हे इथे सगळ्यांना मान्य आहे.

मी अकरा वर्षं रोज दोन तास लिहिण्याचा प्रयत्न केला आणि हाती तुकडे आले. गेली काही वर्षं मी तीच बंदी स्वतःवर घालून घेतली आहे: १ जून ते ३१ जुलै प्रत्यक्ष जाऊन घ्यायची एकही कार्यशाळा नाही. आठवड्यातून फार तर एक दिवस ऑनलाइन काम. बाकी वर्ष कामाचं. लांब मजकूर, म्हणजे दीर्घकथा किंवा नाटकाचा पहिला खर्डा, फक्त याच दिवसांत होतो. इतर महिन्यांत वही भरत राहते, पण तिच्याकडून मी पुऱ्या गोष्टीची अपेक्षा ठेवत नाही.

हे जमवायचं तर कंपन्यांचं वर्ष आणि कोकणाचं वर्ष शेजारी शेजारी मांडावं लागतं. मी एका मोठ्या कागदावर दोन पट्टे काढते. वरच्या पट्ट्यात कंपन्या. एप्रिलमध्ये नवं आर्थिक वर्ष, प्रशिक्षणाच्या याद्या तयार होतात, तेव्हा भेटीगाठी. ऑगस्टपासून प्रत्यक्ष काम. जानेवारी ते मार्च सर्वांत जास्त गर्दी, कारण उरलेला निधी ३१ मार्चच्या आत खर्च करायचा असतो. मार्च-एप्रिलमध्ये वार्षिक मूल्यमापनं, म्हणून ‘कनिष्ठांना अभिप्राय कसा द्यावा’ या विषयाला मागणी.

खालच्या पट्ट्यात आपलं गाव. भाद्रपदात गणपती. तेव्हा लोट्याच्या, मिरजोळ्याच्या किंवा कुडाळच्या वसाहतीत कार्यशाळा ठेवणं व्यर्थ आहे. स्थानिक कामगार रजेवर, मुंबईचे चाकरमानी गावात, रस्ते भरलेले. फाल्गुनात शिमगा. पालखी घरोघर फिरत असते, खेळे येतात, संकासूर आणि गोमू अंगणात नाचतात, आणि ज्याच्या घरी पालखी येणार तो माणूस त्या दिवशी जगात कुठेही असला तरी घरी पोचतो. मे महिन्यात आंबा आणि पाहुणे. दक्षिणेकडे, सिंधुदुर्गात, दिवाळीनंतर जत्रांचा आणि दशावताराचा हंगाम सुरू होतो.

दोन पट्टे मांडले की एक गोची लगेच दिसते. कंपन्यांची जानेवारी-मार्चची गर्दी आणि शिमगा एकमेकांवर येतात. यावर मला एकच उपाय सापडला: शिमग्याचे पाच दिवस आदल्या ऑगस्टमध्येच कॅलेंडरमध्ये अडवून ठेवायचे आणि ते ‘व्यग्र’ म्हणून दाखवायचे. हे पाच दिवस मी लिहीत नाही, ऐकते. नमनाला, म्हणजे शिमग्यातल्या लोकनाट्याला, रात्रभर बसते. अंगणात बोलली जाणारी संगमेश्वरी बोली, म्हाताऱ्या मानकऱ्यांची भांडणं, पालखी नाचवतानाच्या हाका. माझ्या गोष्टींमधले निम्मे संवाद या रात्रींतून आले आहेत. मार्चमध्ये पाच दिवस न कमावल्याचा तोटा मी खुशीने सोसते.

६८ दिवसांचं गणित

दोन महिने काम बंद ठेवायचं तर दर नीट ठरवावा लागतो. पुष्कळ जण ‘बाकीचे किती घेतात’ यावरून दर ठरवतात. तसं न करता उलट्या बाजूने या. पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत, तिथे तुमचे घाला.

घरखर्च महिना ५०,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ६,००,०००. धंद्याचा खर्च (प्रवास, लॅपटॉप, इंटरनेट, छपाई, सीएची फी) १,००,०००. कर आणि शिल्लक मिळून १,५०,०००. एकूण ८,५०,०००.

आता दिवस. ३६५तून ५२ रविवार वजा केले, उरले ३१३. सणवार, आजारपण, घरचं लग्नकार्य यांचे ३३ काढले, उरले २८०. लेखनाचे ८० काढले (बंदीचे दिवस आणि वर्षभरातले सुटे मिळून), उरले २००. प्रस्ताव पाठवणं, पाठपुरावा, हिशेब यांना ३० द्या. राहिले १७०. एका कार्यशाळेच्या दिवसामागे एक दिवस तयारीचा आणि अर्धा प्रवासाचा व अहवालाचा धरा, म्हणजे एकेक कमाईचा दिवस अडीच दिवस खातो. १७० भागिले अडीच, ६८.

८,५०,००० भागिले ६८ म्हणजे १२,५०० रुपये रोज. पण ६८च्या ६८ दिवस भरत नाहीत. ५५ भरतील असं धरा, मग दर साडेपंधरा हजारांवर जातो. हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा मी माझ्या चालू दराशी ताडून पाहिला आणि माझं लिहिणं का होत नव्हतं ते समजलं. दर कमी होता, म्हणून दिवस जास्त विकावे लागत होते, आणि ते लेखनाच्या वाट्यातून जात होते.

दर वाढवल्यावर दोन जुनी गिऱ्हाइकं गेली. हे होणार हे धरून चला, आणि त्याआधी आगोटीची बेगमी करा. मिरगाच्या आधी आपल्या आज्या सुकी मासळी, मीठ, तांदूळ, शेणी भरून ठेवत, तशी. तीन महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात. मी ऑगस्ट ते मार्च येणाऱ्या प्रत्येक बिलातला पाचवा हिस्सा त्या खात्यात टाकते आणि ३१ मेपर्यंत त्याला हात लावत नाही.

कराच्या तारखाही त्या कागदावर लिहा. वर्षाचा कर टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून भरलेला कर) वजा जाता १०,००० रुपये किंवा जास्त होत असेल, तर आगाऊ कराचे हप्ते येतात: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. जूनचा हप्ता आपल्या बंदीच्या ऐन सुरुवातीला येतो, सप्टेंबरचा अनेकदा गणपतीत. कंपन्या व्यावसायिक शुल्कातून साधारणपणे १० टक्के टीडीएस कापून पैसे देतात, तेही हिशेबात धरा, नाहीतर बेगमी तेवढी कमी पडते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर जाऊ लागली तर जीएसटी नोंदणी आली. यापुढचं तुमच्या सीएला विचारा.

करारातल्या तीन ओळी

करार वाचायचा कंटाळा करू नका, विशेषतः तुम्ही लिहीत असाल तर.

पहिली ओळ मालकीची. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं साधारणपणे मालकाचं होतं. बाहेरचा सल्लागार म्हणून लिहिलेलं मात्र, वेगळं ठरलं नसेल तर, लिहिणाऱ्याचं राहतं. म्हणून कंपन्यांच्या छापील करारात बहुधा हस्तांतराचं कलम असतं. एकदा मला आलेल्या मसुद्यात ‘कराराच्या काळात सल्लागाराने निर्माण केलेलं सर्व साहित्य’ कंपनीचं राहील असं होतं. सर्व. म्हणजे त्या वर्षात रात्री लिहिलेली माझी कथासुद्धा त्या शब्दात बसत होती. मी तिथे ‘या कामासाठी खास तयार केलेलं’ एवढीच दुरुस्ती मागितली आणि ती अर्ध्या दिवसात मान्य झाली. बहुतेक वेळा तो मसुदा कुणीतरी जुन्या फाइलमधून उचललेला असतो, त्यामागे हेतू नसतो. पण सही झाल्यावर हेतू कोण विचारतो? कायद्यात हेही आहे की हस्तांतरात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. तरीही स्पष्ट लिहून घेतलेलं बरं.

दुसरी ओळ पैशांची. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी मुदत ठरली असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि ठरली नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. बिलावर उद्यम क्रमांक छापा. एका गिऱ्हाइकाने माझे पैसे पाच महिने अडकवले होते. तो काळ नेमका एप्रिल ते ऑगस्टचा होता, आणि त्या वर्षीची बंदी मला मोडावी लागली. तेव्हापासून ३० टक्के आगाऊ आल्याशिवाय तारीख पक्की करत नाही.

तिसरी ओळ तारखांची: जून-जुलैबद्दलचं लेखी कलम. त्यावर शेवटी येते.

कान बदलण्याची वेळ

आता या लेखातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. कामाची भाषा आणि स्वतःची भाषा यांच्यामध्ये मोकळी जागा लागते, आणि ती मुद्दाम ठेवावी लागते. घराच्या आधी पडवी असते ना, बाहेरचे पाय तिथे धुवायचे, मग माजघरात यायचं. तशी.

माझी पडवी साधारण पाऊण तासाची आहे. कामाचा लॅपटॉप बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवते. लॅपटॉपवर फक्त काम, हाताने फक्त स्वतःचं लेखन. ही वाटणी मी काटेकोर पाळते, कारण कळफलकाला बोटं लागली की माझी वाक्यं आखूड आणि आज्ञार्थी होतात. मग वीस मिनिटं मोठ्याने वाचते. कामाशी काहीही संबंध नसलेलं: ओवी, अभंग, जुन्या पत्रांतला उतारा, काहीही, पण मराठी आणि लयीचं. गप्प वाचून हे होत नाही, आवाज कानात शिरायला हवा. त्यानंतर त्या दिवशी ऐकलेलं एक वाक्य, बोलणाऱ्याने जसं म्हटलं तसंच, व्याकरण न सुधारता लिहून काढते. ही शेवटची कृती आमच्या धंद्यातल्या माणसाला फार जड जाते. सुधारण्याची सवय हाडात असते. पहिले दोन महिने मी प्रत्येक वाक्य नकळत नीटनेटकं करत होते, आणि नीट केलं की त्यातला माणूस निघून जायचा.

शब्दांची एक वेगळी यादी ठेवा. कामाच्या मराठीत आपण सगळ्यांना समजतील असे शब्द निवडतो, तेच बरोबर आहे. उत्तर प्रदेशातून, ओडिशातून आलेला कामगार आणि खेडचा कामगार दोघांना एकच सूचना कळली पाहिजे. कारखान्यातल्या सूचना बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेतही लावाव्यात हे १९४८च्या कारखाना कायद्यातच लिहिलेलं होतं. पण अशा मराठीत पाच-दहा वर्षं वावरलं की आपल्याच तोंडचे शब्द गळायला लागतात. मी एकदा कथेत ‘लहान ओढा’ लिहिलं, आणि आईने वाचून विचारलं, “पऱ्या का नाय म्हटलंस?” मला तो शब्द आठवलाच नव्हता. ज्या पऱ्यात मी लहानपणी खेकडे धरले, त्याचं नाव मला आठवलं नव्हतं. त्या दिवसापासून यादी सुरू आहे. पऱ्या, व्हाळ, सडा, कातळ, मांगर, आगर, खळं, पागोळी, मळभ. कुणाला शिकवण्यासाठी नाही. माझ्या कानाला आठवण राहावी म्हणून.

एक मोह टाळा. लेखक आहात हे कळलं की कंपन्या ‘गोष्ट सांगण्याची कला’ शिकवा म्हणून मागे लागतात, आणि पैसे चांगले देतात. मी ते दीड वर्ष केलं. विक्री विभागाला पाच पायऱ्यांत गोष्ट रचायला शिकवली. पुढे स्वतःच्या कथेतही त्या पाच पायऱ्या दिसायला लागल्या आणि मी ते काम सोडलं. तुमची कला अजून उभी राहत असेल तर निदान पहिली काही वर्षं ती प्रशिक्षणाच्या बाजारात आणू नका. नाटकातून उचललेले छोटे सराव, जसं ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगायला लावणं किंवा भूमिका बदलून बोलायला लावणं, हे खुशाल वापरा. त्याने धक्का लागत नाही.

कामावरचं माणूस गोष्टीत आणताना

मुलाखतींत माणसं आपल्याला विश्वासाने बोलतात. त्यातून गोष्टी सुचणारच. पण चिपळूण-खेड-रत्नागिरी हा पट्टा लहान आहे. कोण कुठल्या कंपनीत कामाला, त्याचा मामा कोण, त्याची सोयरीक कुठे, सगळं सगळ्यांना ठाऊक. नाव बदललं म्हणून माणूस लपत नाही.

माझे नियम असे. ज्या कंपनीचं काम चालू आहे तिथलं काहीही लिहायचं नाही. काम संपल्यावर दोन वर्षं थांबायचं. गोपनीयतेचं कलम त्याहून लांब असेल तर तेवढं. घटना उचलायची नाही, हावभाव उचलायचा. उदाहरण सांगते. एका सभेत वरिष्ठ बोलत असताना एक पर्यवेक्षक काही न बोलता पेनाचं टोपण लावत होता, काढत होता, लावत होता. मला त्याचं नाव, खातं, तंटा, यातलं काहीही नको होतं. तीन वर्षांनी ते टोपण माझ्या कथेत मासळीच्या लिलावात उभ्या असलेल्या एका बाईच्या हातात आलं, बटव्याची दोरी होऊन. लिलाव पुकारला जातोय आणि ती दोरी सोडते, बांधते. तो पर्यवेक्षक ती कथा वाचेल तर त्याला स्वतःची आठवणही येणार नाही. छापायला देण्याआधी मी हीच कसोटी लावते: ज्याच्यापासून सुरुवात झाली त्याने वाचलं तर त्याला ओळख पटेल का? जरा जरी शंका आली तरी कथा परत वहीत.

मुलाखतीच्या वहीत आणि कथेच्या वहीत कधीही सरमिसळ करू नका. कामाची वही कामाच्या कपाटात राहते आणि करार संपला की ठरल्याप्रमाणे नष्ट होते.

प्रवास, वीज, पाणी

मुंबई-पुण्याची कामं एकेकटी घेऊ नका. तीन गिऱ्हाइकं एका फेरीत जोडा, महिन्यातून एकच फेरी. कोकण रेल्वेने चिपळूण ते मुंबई चार-पाच तास जातात आणि खिडकीची जागा मिळाली तर ती माझी वाचनाची हक्काची वेळ असते. गाडीत ईमेल पाहायचे नाहीत हे मी ठरवून टाकलं आहे. बोगद्यांत नेट जातंच, त्याची मदत होते. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू धावतात, दरड पडली तर थांबतात, म्हणून त्या महिन्यांत दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यशाळा असेल तर एक दिवस आधी पोचा.

ऑनलाइन कामासाठी दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट आणि इन्व्हर्टर हवा. जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती.

आणि हस्तलिखितं. २२ जुलै २०२१ला चिपळूणमध्ये पाणी शिरलं तेव्हा माझ्या तळमजल्यावरच्या कपाटात नाटकाच्या दोन वह्या होत्या. कंपन्यांच्या सगळ्या फाइल सुरक्षित होत्या, क्लाउडवर. स्वतःच्या वह्यांचा एकही फोटो काढलेला नव्हता. कामाला जेवढी शिस्त लावतो तेवढी स्वतःच्या लेखनाला लावत नाही, हे त्या चिखलात हात घालताना मला फार लागलं. आता दर रविवारी संध्याकाळी त्या आठवड्याच्या पानांचे फोनने फोटो काढते, ते क्लाउडवर टाकते, आणि वह्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत ठेवते. दहा मिनिटं लागतात.

घर आणि वाडी

गावात राहून घरून काम करणाऱ्या बाईला एक वाक्य सतत ऐकावं लागतं: “तू काय, घरीच तर असतेस.” बँकेची कामं, पाहुण्यांची ने-आण, कुणाच्या तरी मुलाचा अर्ज भरणं, सगळं आपल्याकडे येतं. यावर वाद घालून मला काही मिळालं नाही. सासूबाईंना मी महिन्याचा कागद दाखवायला सुरुवात केली. कोणते दिवस कमाईचे, कोणते लिहिण्याचे, कोणते सर्वांचे. कागद स्वयंपाकघरात भिंतीवर चिकटवलेला असतो. आता कुणी दारात आलं की त्याच सांगतात, “आज तिचा लिहायचा दिवस आहे, उद्या या.” त्यांनी सांगितलेलं वाडीत चालतं, मी सांगितलेलं चाललं नव्हतं.

त्याच्या बदल्यात ‘सर्वांचे’ दिवस मनापासून द्या. मंडळाचं निमंत्रणपत्र लिहून द्या, कुणाचा तक्रारअर्ज नीट करून द्या. वाडीला तुमचं कौशल्य फुकट मिळायलाच हवं, फक्त त्याचा वार ठरलेला असावा. माझा शनिवार दुपार असतो.

मोठा करार आला तर

हा प्रसंग येतोच. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीने वर्षभराचा करार देऊ केला. महिन्याला ठरलेली रक्कम, बारा महिने, चार कारखान्यांतल्या पाळी-बदलाच्या नोंदी सुधारायच्या. गणितातले ५५ दिवस एका सहीत भरत होते. अट एकच, पावसाळ्यातही महिन्यातून तीन फेऱ्या.

मी आठ दिवस मागून घेतले आणि तीन आठवड्यांच्या नोंदीची जुनी वही काढली. मजकूर सुधारणं जास्त, मुलाखती कमी, असं ते काम होतं. मग प्रतिप्रस्ताव पाठवला: रक्कम दहा महिन्यांची, जून-जुलैत फक्त फोनवर सल्ला, आणि मजकुराला हात लावण्याआधी प्रत्येक कारखान्यात दोन दिवस कामगारांच्या मुलाखती. त्यांच्या अधिकाऱ्याने फोन करून विचारलं, “जून-जुलैत तुम्ही करता काय?”

“लिहिते,” मी म्हटलं. “आमच्याकडे तेव्हा होड्यापण बंद असतात.”

ते मूळचे गुहागरचे निघाले. थोडं थांबून म्हणाले, मग ३१ मेच्या आत पहिले दोन कारखाने संपवू या. करारात ती ओळ गेली, या वर्षीच्या नूतनीकरणातही ती तशीच आहे: ‘१ जून ते ३१ जुलै प्रत्यक्ष भेटी नाहीत.’